ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये नुसतं टाइप करून रोजचं वेळापत्रक बनवता येतं का? कुठलं प्लगिन वापरता?

हो, येतं की! मी डे प्लॅनर नावाचं प्लगिन, म्हणजे ॲपला जोडायची जास्तीची सोय, वापरते. आधी माझी नुसती कामांची यादी असायची, चौदा-पंधरा कामं, त्यातली निम्मी रोज उद्यावर जायची. प्रत्येकापुढे वेळ टाकायला लागले तेव्हा समोर दिसलं की एवढं सगळं एका दिवसात मावणारच नव्हतं.

सेटअप पाच मिनिटांचा आहे. सेटिंग्जमधून कम्युनिटी प्लगिन्स (इतरांनी बनवलेली प्लगिन्स) चालू करा, डे प्लॅनर शोधून इन्स्टॉल करा, इनेबल करा, आणि ऑब्सिडियनचं स्वतःचं डेली नोट्स (रोजच्या तारखेची नोट उघडणारं प्लगिन) पण चालू आहे ना ते बघा, कारण आजची नोट कुठली हे त्यावरूनच ठरतं. मग आजच्या नोटमध्ये अशी ओळ लिहा:

- [ ] 09:30 - 10:15 रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट

काम मराठीत लिहिलं तरी चालतं पण वेळेचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत, ०९:३० असं लिहिलंत तर ती वेळ म्हणून ओळखली जात नाही. मराठी कीबोर्डवर टाइप करताना हे हमखास होतं, त्यामुळे ओळ लिहिली आणि टाइमलाइनवर, म्हणजे दिवसाच्या तासांच्या पट्टीवर, काहीच आलं नाही तर आधी आकडे तपासा.

टाइमलाइन कमांड पॅलेटमधून (नाव टाइप करून कमांड शोधायची ऑब्सिडियनची यादी) उघडते. बाजूच्या पट्टीत त्या ओळीचा पाऊण तासाचा ठोकळा दिसेल. आता तो माउसने धरून खाली अकरावर न्या आणि नोटकडे बघा, ओळीतच 11:00 - 11:45 झालेलं असतं! मला याचसाठी हे प्लगिन आवडतं, मधेच कोणाचा फोन आला, काम लांबलं, की ठोकळे सरकवायचे आणि पुढे चालू, खाडाखोड नाही. आणि शेवटी ती साधी मार्कडाउन फाइलच (साध्या मजकुराची फाइल) असते, तुमच्याच कॉम्प्युटरवर, प्लगिन काढून टाकलंत तरी कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते.

एक कळकळीने सांगते, काम कधी संपवायचं ती वेळ पण लिहा. नुसती सुरुवातीची वेळ टाकली तरी ठोकळा येतो पण तो किती लांब असेल हे मग तुम्ही ठरवलेलं नसतं, आणि कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज यायला लागतो तो शेवटची वेळ लिहूनच. आणि दिवस गच्च भरू नका, मी दोन कामांत पंधरा मिनिटं तरी मोकळी ठेवते.

मीटिंगा वेगळ्या कॅलेंडरमध्ये असतील तर त्याची आयसीएस लिंक (कॅलेंडर दुसऱ्या ॲपमध्ये दाखवायची लिंक) प्लगिनच्या सेटिंगमध्ये टाका, त्या पण टाइमलाइनवर दिसतात, फक्त इथून बदलता येत नाहीत. रोज ठरलेल्या वेळेची कामं डेली नोट्सच्या टेम्प्लेटमध्ये (रोजच्या नोटच्या तयार साच्यात) लिहून ठेवा, म्हणजे सकाळी नोट उघडली की तेवढ्या ओळी आधीच आलेल्या असतात आणि मधल्या जागाच भरायच्या राहतात.