आजोबांचं पितळी हँडल

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत ट्राम चालवायचे. घरात त्यांचं एक पितळी हँडल आहे, वीतभर लांब, टोकाला लाकडी मूठ. पार काळं पडलंय. दिवाळीच्या साफसफाईत आई चिंच घेऊन बसली होती, मी कसंबसं थांबवलं. आता काय करू? एखाद्या संग्रहालयाला देऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा आणि चिंच आमटीत घाला. मी ट्रामचा माणूस नव्हे, जन्म लोकलच्या कारशेडमध्ये गेला. पण डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या विजेवर चालणारी मोटर, आणि तिची वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर, तेव्हा दोन्हीकडे एकाच जातीचे होते.

तुमच्या वर्णनावरून ते कंट्रोलरचं हँडल वाटतं. ट्रामला दोन्ही टोकांना कंट्रोलर असे. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर हँडल काढून घ्यायचा, डबाभर चालत जाऊन दुसऱ्या टोकाला बसवायचा. ते फिरवलं की आतला दंडगोल फिरे. आधी दोन मोटरी एकामागे एक जोडल्या जात, वेग आला की समांतर. मधल्या खाचांवर वीज अडवून धरणारा एकेक रोधक सुटत जाई. घाई केली तर झटका प्रवाशांना आणि शिव्या ड्रायव्हरला. डावा हात याच्यावर, उजवा ब्रेकवर. मूठ उजेडात धरून बघा, एका बाजूला जास्त झिजलेली असेल. ती झीज तुमच्या आजोबांच्या तळव्याची. चिंचेचं आम्ल डागाबरोबर पितळही खातं, आणि चकचकीत केलेलं हँडल तर कुठल्याही जुन्या बाजारात मिळतं.

तेव्हा मऊ सुती कापडानं कोरडंच पुसा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या हवेत आत घाम धरतो. धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा उत्तम.

मुलीकडे बॉस्टनला गेलो होतो, तेव्हा अमेरिकेतल्याच मेन राज्यातलं सीशोअर ट्रॉली म्युझियम पाहिलं, ट्रॉली म्हणजे तिकडची ट्राम. १९३९ साली काही हौशी मंडळींनी मोडीत निघालेला एक उघडा डबा विकत घेतला, तिथून हे सुरू झालं. दुरुस्तीची शेड बाहेरून बघता येते. एका डब्याच्या फळीवर रुपयाएवढा गोल घासून ठेवला होता, आत रंगाच्या कड्या, झाडाच्या खोडासारख्या. सगळ्यात आतली कडी म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हाचा रंग. तो सापडेपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही. आपल्याकडे आधी ऑइलपेंट येतो, मग विचार. कोलकात्यात एस्प्लनेडला मात्र १९३८ सालच्या ट्राममध्येच 'स्मरणिका' नावाचं संग्रहालय थाटलंय, तेही जरूर बघा.

मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली, शेवटची ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला. मी तेव्हा आठ वर्षांचा, बाबांच्या खांद्यावर. बहुतेक डबे भंगारात गेले, म्हणून अशा सुट्या वस्तूंचं मोल जास्त. दादर टीटीतला दुसरा 'टी' टर्मिनसचा, पहिला ट्रामचा, हे आज तिथे रोज उतरणाऱ्यालाही सांगावं लागतं.

अणिक आगारात बेस्टचं स्वतःचं संग्रहालय आहे. आधी हँडल न देता जाऊन बघा, वस्तू कशा ठेवल्यात, पाटीवर काय लिहिलंय. द्यायचं ठरलं तर भेट की उसनं, हे कागदावर घ्या, फोटोसकट. बाबांचा हातकंदील मी एका प्रदर्शनाला नुसत्या ओळखीवर दिला होता. दोन वर्षांनी दिसला तो चंदेरी रंग फासलेला, आणि परत मागितला तर पावती विचारली.

आणि एक काम लगेच करा. आजोबांचं नाव, डेपो, बिल्ला क्रमांक, कुठल्या मार्गावर चालवायचे, जेवढं आईंना आठवतं तेवढं एका कागदावर उतरवून हँडलसोबत ठेवा. दिवाळीच्या फराळाला बसल्यावरच विचारा.