१९३६ सालची ठाण्याची नायिका, मुंबईची प्रयोगशाळा: कादंबरी खरी कशी वाटेल?

तुम्ही विचारलंय की नौपाड्यात राहणारी आणि फोर्टातल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डाळींच्या प्रथिनांवर काम करणारी काल्पनिक नायिका उभी करायची आहे. तिच्यावरचा अन्याय भाषणबाजी न करता कसा दाखवावा?

कागदातून दाखवा. डाळींच्या प्रथिनांवर काम करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बाई म्हणून आधी नकार मिळाला. त्यांनी हट्ट धरल्यावर प्रवेश दिला तोही वर्षभर अटीवर. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणींनी तिथेच पाच शोधनिबंध लिहिले, पण एम.एस्सी. नाही म्हणून पीएच.डी. मिळाली नाही. असल्या गोष्टीला खलनायक लागत नाही, नियमावलीतली एक ओळ पुरते. तुमच्या नायिकेलाही अशी एक ओळ शोधून द्या आणि ती पहिल्या पन्नास पानांत येऊ द्या.

आता प्रयोगशाळा. ‘ती परीक्षानळीत रमली’ हे वाक्य आधी खोडा. डाळीतलं प्रथिन मोजायचं तर केल्डालची पद्धत, म्हणजे पिठातला नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिन काढायचं. ग्रॅमभर तुरीचं पीठ चंबूत घ्यायचं, त्यात पोटॅशियम सल्फेट, चिमूटभर मोरचूद आणि २५ सी.सी. तीव्र गंधकाम्ल (वहीत सी.सी.च लिहू द्या, मि.लि. नको). सुरुवातीला आच मंद, नाहीतर फेस थेट मानेपर्यंत चढतो. मिश्रण काळं होतं, मग काही तासांनी निवळून निळसर-हिरवं. गार झाल्यावर पाणी, मग कॉस्टिक सोडा घालून ऊर्ध्वपातन. सुटणारा अमोनिया पुढच्या चंबूतल्या ५० सी.सी. डेसिनॉर्मल (ठरावीक, सौम्य ताकदीच्या) आम्लात धरायचा. त्यातलं साधारण २५ सी.सी. खर्च झालं की हिशेब: दर सी.सी.ला १.४ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ३५ मिलिग्रॅम, ३.५ टक्के, गुणिले ६.२५ (नायट्रोजनवरून प्रथिन काढायचा ठरलेला गुणक), म्हणजे प्रथिन जवळजवळ २२ टक्के.

कथानकाला खरं काम देते ती अमोनिया पुढच्या चंबूत नेणारी नळी. तिचं टोक आम्लात बुडालेलं नसेल तर अमोनिया उडून जातो आणि आकडा कमी येतो. आणि टोक बुडालेलं असताना बर्नर मंदावला तर चंबू निवतो, आतली वाफ आटते आणि आम्ल उलटं ओढलं जातं. सबंध दिवस वाया. म्हणून आधी नळी काढायची, मग ज्योत बंद करायची. हा क्रम नायिकेच्या हातात बसलेला असावा आणि शोधनिबंधावर तिच्या नावाऐवजी स्वतःचं नाव घालणाऱ्या साहेबाच्या हातात नसावा. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण निघतं.

पिपेट तोंडानंच ओढत, आकडेमोड लॉग टेबलांनी. तराजूची काचपेटी बंद, नाहीतर वाऱ्यानं पारडं हलत राहतं. बर्नरजवळ पदर खोचलेला हवा.

ठाण्याचं बघा. विजेची गाडी तेव्हा होती, कोळशाचा धूर लोकलला चिकटवू नका. मुंबईत पालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत मुंबई वेळ दाखवत, रेल्वे प्रमाणवेळेवर, ३९ मिनिटं पुढे. मुंबई वेळेनं सातला निघालेली बाई बोरीबंदरात पोचते तेव्हा स्टेशनचं घड्याळ नऊच्या घरात असतं. सासरी रोज उशिराचं कारण सांगायला हे फार कामाचं! तिची मावशी मात्र वाशीहून बसनं येऊ शकत नाही. खाडीवरचा पूल १९७३ चा, नवी मुंबईची आखणी त्याच्या जरा आधीची. तिला होडीत बसवा. पैसे आणे-पैत, नवे पैसे १९५७ चे.

बोलीभाषेसाठी मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ पासूनचं, ठाण्यातच) त्या दशकातली मासिकं मागा आणि लेखांपेक्षा जाहिराती वाचा.

एक धोका. नायिकेचे प्रसंग कमलाबाईंशी एकास एक जुळले तर वाचक तिला ओळखणारच. मग एकतर सरळ त्यांच्यावरच लिहा, नाहीतर डाळी सोडून तिला मीठ किंवा रंग तपासायला बसवा. केल्डालचं प्रकरण जाईल, याचं मला वाईट वाटेल.