लॅपटॉपवर ढीगभर विंडो उघड्या असतात, प्रत्येक ॲपला वेगळा व्हर्च्युअल डेस्कटॉप (त्याच स्क्रीनवर आलटून पालटून दिसणारा, आपल्या वेगळ्या विंडो असलेला डेस्कटॉप) देऊन बघितला, पण त्याने खरंच काही फरक पडतो का?

पडतो की, पण तुम्ही जसं करून बघितलंय म्हणताय, एका डेस्कटॉपवर क्रोम, दुसऱ्यावर एक्सेल, तिसऱ्यावर मेल, तसं केलं तर डोक्याला तापच होणार. क्रोममधलं बघूनच एक्सेलमध्ये भरायचं असतं ना, मग प्रत्येक ओळीला इकडून तिकडे उड्या मारत बसा. वाटणी ॲपप्रमाणे नाही करायची, कामाप्रमाणे करायची. एका कामाला जे जे लागतं ते सगळं एका डेस्कटॉपवर, मग ती चार वेगळी ॲप का असेनात.

मी अकाउंट्सचं काम करतो. 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर 2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की 20 च्या आत 3बी (महिन्याचं रिटर्न) भरायची गडबड असते, त्या दिवसांत पहिल्या डेस्कटॉपवर फक्त ज्या क्लायंटचं काम चालू आहे त्याचंच सामान ठेवतो. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), 2बी ची एक्सेल आणि पोर्टल. विंडोज बटण दाबून डावा बाण दाबला की एक्सेल डाव्या अर्ध्या स्क्रीनवर, तसंच उजव्या बाणाने टॅली उजवीकडे, आणि मग एकेक बिल जुळवत खाली जायचं. पुरवठादाराने बिलावर एबी/0147 लिहिलेलं असतं आणि आपल्या एंट्रीत नुसतं 147, असल्या भानगडी दोन्ही समोरासमोर असल्याशिवाय सापडत नाहीत. दुसऱ्या डेस्कटॉपवर मेल आणि व्हॉट्सॲप, कारण क्लायंट बिलांचे फोटो तिथेच टाकतात (आडवे, अर्धे कापलेले, असो). तिसऱ्यावर स्वतःचं, बँक, गाणी, मॅच असेल तर स्कोअर.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, क्रोमची सगळी कामं एकाच विंडोत टॅब करून ठेवली असतील तर काही उपयोग नाही, कारण डेस्कटॉपवर विंडो हलते, सुटी टॅब नाही. पोर्टलची टॅब धरून खाली ओढा म्हणजे तिची वेगळी विंडो होते, मग ती पाहिजे तिथे न्या.

बटणं पाठ करायला फार नाहीत. विंडोज+कंट्रोल+डी ने नवीन डेस्कटॉप, विंडोज+कंट्रोल आणि डावा-उजवा बाण याने शेजारच्यावर जायचं, विंडोज+टॅब ने सगळं एकदम दिसतं आणि तिथे विंडो माउसने उचलून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकता येते. विंडो हलवायला कीबोर्डचं बटण विंडोजने अजून दिलेलं नाही, ते चिडचिड करणारंच आहे. विंडोज+कंट्रोल+एफ4 ने डेस्कटॉप बंद होतो पण त्यातलं काही जात नाही, सगळ्या विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर जाऊन बसतात, त्यामुळे बिनधास्त दाबा. टचपॅड चांगला असेल तर चार बोटं आडवी सरकवली तरी चालतं.

व्हॉट्सॲप किंवा कॅल्क्युलेटर सगळीकडे हवं असेल तर विंडोज+टॅब दाबून त्या विंडोवर राइट क्लिक करा, 'शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स' येतं. व्हॉट्सॲपचं मी मुद्दाम करत नाही, समोर असलं की बघितलं जातंच. आणि सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग मध्ये जाऊन टास्कबार आणि ऑल्ट+टॅब दोन्हीला फक्त चालू डेस्कटॉपच्याच विंडो दिसतायत ना ते बघून घ्या. तिथे 'ऑल डेस्कटॉप्स' असेल तर ऑल्ट+टॅब मारलं की पुन्हा तोच बाजार. विंडोज 11 मध्ये प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपर लावता येतो, तो नक्की लावा, कुठे आहोत ते रंगावरून लगेच कळतं.

आता हे ज्यासाठी नाही ते पण सांगतो. लॅपटॉप स्लो चालतोय म्हणून करत असाल तर काही फरक पडणार नाही, विंडो नजरेआड झाली तरी रॅम खातच असते. मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केली असेल तर तुम्ही ज्या डेस्कटॉपवर जाल तो समोरच्यांना दिसणार, म्हणून तिथे फक्त विंडो शेअर करायची. आणि डेस्कटॉपवरचे फाइलचे आयकॉन सगळीकडे तेच राहतात, ते वेगवेगळे करता येत नाहीत.

तीनच्या वर जाऊ नका, कशावर काय ठेवलं तेच आठवत नाही. लिनक्सवाले हे कितीतरी वर्षं वापरतायत, मॅकमध्ये 2007 पासून हेच स्पेसेस नावाने आहे, विंडोजमध्ये आतूनच यायला 2015 चं विंडोज 10 उजाडलं. ऑफिसात मॅक असेल तर मिशन कंट्रोलच्या (सगळ्या विंडो आणि स्पेसेस एकदम दाखवणारी सोय) सेटिंगमध्ये अलीकडच्या वापराप्रमाणे स्पेसेसचा क्रम आपोआप बदलायचा पर्याय असतो तो आधी बंद करा, नाहीतर काल दुसरा असलेला आज पहिला होतो.

रीस्टार्ट केल्यावर विंडोजमध्ये डेस्कटॉप त्यांच्या नावांसकट राहतात पण प्रोग्रॅम आपापल्या जागी उघडत नाहीत, ते सकाळी हाताने लावून घ्यावं लागतं. मी म्हणून रोज बंद करण्याऐवजी स्लीपवरच ठेवतो, अपडेट आलं की मग नाइलाज.