खासगी की खाजगी? आणि तुरुंगातून आलेले पत्र खासगी कसे?

प्रश्न असा आला आहे: ‘लोकमान्य टिळकांनी मंडालेहून कुटुंबाला लिहिलेल्या पत्रांना खाजगी पत्रे म्हणावे की खासगी पत्रे? आणि तुरुंगाचे अधिकारी वाचूनच ती पुढे धाडत असतील, तर त्यांना खासगी तरी कसे म्हणायचे?’

पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीत: खासगी लिहा. बोलताना खाजगी म्हणालात तरी कुणाचे बिघडत नाही. आपल्या तोंडी ‘खासगी’तल्या सचा अकार गळतो, स थेट गला भिडतो आणि घोष, म्हणजे उच्चारताना कंठ थरथरवणाऱ्या, गच्या शेजारी त्याचाही ज होतो, ‘जोर’मधला ज. ‘पासबुक’ घाईत म्हणून पाहा, तोच ज ऐकू येईल. ‘एकदा’चे आपण सगळे ‘एग्दा’ करतो, पण लिहितो ‘एकदा’च. मग खासगीलाच वेगळा न्याय का? शुद्धलेखनाचे सल्लागार इथे ‘दोन्ही रूपे रूढ, दोन्ही ग्राह्य’ असे सांगून मोकळे होतात. रूढ आहेत हे मान्य. पण विचारणारा रूढ काय ते विचारत नाही, शब्द कुठून आला ते विचारतो. आणि त्या शोधात ज काहीच मदत करत नाही, स सगळे सांगतो.

दुसऱ्या भागामुळे मात्र माझे डोके तापते, कारण हा गैरसमज रोज ऐकतो. वाहिन्यांवर ‘नेत्याची खासगी पत्रे उघड’ असा मथळा येतो तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात खासगी म्हणजे गुपित, दडवलेले, काहीसे लाजिरवाणे असे असते. खासगीचा विरुद्धार्थी शब्द ‘उघड’ नाही, तो ‘सरकारी’ आहे. ‘खासगीत सांगतो’ म्हणजेही मुळात सदरेबाहेर, कामकाजाच्या चौकटीबाहेर सांगतो. कुजबूज नंतर चिकटली.

आता व्युत्पत्ती, कारण खरा आनंद तिथे आहे. अरबी ‘खास’ सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ. प्रश्न ‘गी’चा आहे. हा फारसी प्रत्यय वाटेल त्या शब्दाला लागत नाही, अकारान्ताकडे झुकणाऱ्या, आपण मराठीत आकारान्त केलेल्या शब्दांनाच लागतो. रवाना, रवानगी. परवाना, परवानगी. मर्दाना, मर्दानगी. जिंदा, जिंदगी. या रांगेत खासगीच्या आधी कोण उभे राहते? खास नव्हे, ‘खासा’. तोच खासा, जो ‘खासा स्वारी’त आहे, ‘खाशी मंडळी’त आहे. खासा म्हणजे धनी स्वतः, आणि खासगी म्हणजे धन्याच्या स्वतःच्या घरचे.

‘खास अधिक गी’ अशी सरळ फोड करणारे यावर नाराजगीचे उदाहरण पुढे करतात. ते उदाहरण त्यांच्याच अंगावर येते. ‘नाराज’चे भाववाचक रूप नाराजी, नाराजगी हे हिंदीत इतरांच्या देखादेखी घडलेले रूप आहे, आणि मराठीने आजवर नाराजीच जपली आहे. चुकीच्या घडणीवरून नियम बांधायचा नसतो.

आणि हा ग आला कुठून, ते पाहा. आजच्या फारसीत ज्या शब्दांच्या शेवटी नुसता स्वर उरला आहे, त्यांतल्या पुष्कळांच्या शेवटी पहलवीत, म्हणजे इस्लामपूर्व सासानी राजवटीतल्या फारसीत, ग होता. बंदा हा तेव्हा ‘बंदग’ होता. शेवटचा ग पुढे गळून पडला, पण प्रत्यय लागला की तो आतून पुन्हा वर येतो, म्हणून बंदगी. खासा हा अरबी शब्द. त्याच्या अंगी असा ग कधीच नव्हता. फारसी बोलणाऱ्यांनी त्याला आपल्या शब्दांच्या पंगतीला बसवले आणि उसना ग दिला. म्हणजे खासगी या तीन अक्षरी शब्दात अरबस्तानचा धातू आणि सासानी इराणचा ग एकत्र नांदतो आहे.

हा शब्द पश्चिमेकडेही गेला. इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या जवळच्या, अंगरक्षक गुलामांच्या पथकाला ‘खासकिया’ म्हणत. उस्मानी तुर्कांकडे त्याचे ‘हासेकी’ झाले, कारण तुर्कीने ख मवाळ करून ह केला. उस्मानी सुलतान सुलेमान (कारकीर्द १५२० ते १५६६) याने आपली पत्नी हुर्रेम हिला जो मान दिला तो ‘हासेकी सुलतान’. ही पदवी तिच्यापासून सुरू झाली. मोहिमेवर गेलेल्या सुलेमानला तिने लिहिलेली पत्रे आजही टिकून आहेत. हासेकीचे पत्र ते खासगी पत्र, याहून नेमके उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आणि आता इंदूरकडे या. होळकरांच्या राज्यात उत्पन्नाचे दोन भाग होते: दौलत आणि खासगी. दौलत सरदाराची, फौजफाट्याची, राज्याची. खासगी घरातल्या बाईच्या हातची. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर झाली, पुढे ती अहिल्याबाईंकडे आली, आणि त्यांचे घाट, देवळे, धर्मशाळा यांमागे हा खासगीचा पैसा होता. त्याचा हिशेब होता, कारकून होते, दप्तर होते. त्यात दडवण्यासारखे काय? इस्तंबूलची हासेकी आणि इंदूरची खासगी, दोन्हीकडे हा शब्द राजघराण्यातल्या स्त्रीच्या हक्काशी येऊन थांबला. माझे ठाम मत आहे की हा योगायोग नाही. ‘धन्याच्या घरचे’ या अर्थातून ही वाट आपोआप फुटते, कारण राज्य धन्याचे असले तरी घर चालवणारी वेगळी असते. शब्दकोशांत ‘खासगी’पुढे ‘व्यक्तिगत’ एवढा एक शब्द ठेवून पुढे जाणाऱ्यांनी ही जहागीर कुठे बसवायची ते सांगावे.

पेशव्यांकडेही खासगीचा वेगळा कारभार होता आणि त्यावरूनच खासगीवाले हे आडनाव आले. सरदार नानासाहेब खासगीवाले १८९२ साली ग्वाल्हेरचा गणेशोत्सव पाहून पुण्याला आले, त्यांनी तो मित्रांना सांगितला, आणि त्यातून पुण्याच्या सार्वजनिक गणपतीची सुरुवात झाली. ‘सार्वजनिक’ हा शब्द ज्या उत्सवाने महाराष्ट्राच्या घराघरांत नेला, त्याच्या उगमाशी खासगीवाले आहेत! हे आडनाव खाजगीवाले असेही लिहितात. ज्याचे आडनाव त्याने हवे तसे लिहावे, तिथे माझा काही वाद नाही.

‘खासगी हा परका शब्द, वैयक्तिक म्हणा’ असे सुचवणाऱ्यांशी मात्र वाद आहे. वैयक्तिक म्हणजे एका व्यक्तीपुरते. सवाई माधवराव पेशवे लहान होते तेव्हा नाशिकजवळ गंगापूरला राहणाऱ्या आजी गोपिकाबाईंनी त्यांना दिनचर्येचा आणि वागण्याचा उपदेश लिहून पाठवला. ते पत्र वैयक्तिक म्हणावे तर विषय पेशव्याचे आचरण. सरकारी म्हणावे तर लिहिणारी आजी, वाचणारा नातू. त्याला बरोबर बसणारा शब्द एकच आहे, खासगी, कारण त्या शब्दात धनी आणि त्याचे घर दोन्ही मावतात. वैयक्तिक या शब्दाला घरच नाही.

आता मंडाले. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. मधल्या काळातली घरची पत्रे मुख्यतः भाचे धोंडोपंत विद्वांस यांना आहेत: मुलांचे शिक्षण, प्रकृती, मधुमेहाचे पथ्य, हवी असलेली पुस्तके, ताईमहाराज प्रकरणाचा, म्हणजे एका दत्तकाच्या वादाचा, कोर्टातला गुंता. १९१२ साली टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी तारेने मंडालेला गेली, आणि तिच्यानंतर भाच्याला लिहिलेले पत्रही अधिकाऱ्यांच्या नजरेखालूनच बाहेर पडले. म्हणून ते खासगी उरले नाही? इंग्रज अंमलदाराने वाचल्याने पत्नीचा मृत्यू सरकारी होत नाही. गुप्त नव्हते, हे खरे. खासगी होते, हेही तितकेच खरे. सरकारने टिळकांकडून केसरी काढून घेतला होता, सभा काढून घेतल्या होत्या. बाहेर धाडायला उरली होती ती खासगी पत्रे, आणि तीही वाचून मगच सोडली जात. अशा पत्रांना दुसरे नाव शोधणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नातल्या ‘कुटुंबाला’ या शब्दाबद्दल मात्र बोलायला हवे. टिळकांच्या पिढीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे आमची पत्नी. ‘कुटुंबास पत्र पाठविले’ हे वाक्य त्या काळच्या पुणेकराने ऐकले असते तर त्याला सत्यभामाबाईच आठवल्या असत्या, आणि बहुतेक पत्रे तर भाच्याच्या नावे आहेत. ‘मंडळींना’ लिहाल तरी तीच अडचण, कारण मंडळी म्हणजेही बायको. मंडालेच्या पत्रांसाठी ‘घरी लिहिलेली’ हे शब्द चोख बसतात.