स्ट्रमिंगसाठी सॉफ्टवेअर घेताना उजव्या हाताकडे बघा

कराडकर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेटी आणि कीबोर्ड चांगला येतो, गिटार अजिबात येत नाही. भावगीतं, भक्तिगीतं आणि गणपतीत मंडळांची गाणी घरीच रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करता. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा. कीबोर्डमधला गिटारचा टोन लावून कॉर्ड दाबले तर गिटार वाटत नाही. खर्च एकदाच करायचाय, तर स्ट्रमिंग (तारांवरून हात खाली-वर मारत कॉर्ड वाजवणं) खरं वाटेल असं काय घ्यावं?

डेमो ऐकून ठरवू नका, हे पहिलं. नाव घ्यावं अशा कुठल्याही सॉफ्टवेअरचा आवाज आज वाईट नाही. चांगली गिटार, चांगले माइक, चांगला वादक, सगळं आधीच झालेलं असतं. खोटेपणा कळतो तो उजव्या हातात. तुम्ही पैसे देताय त्या सॉफ्टवेअरमध्ये उजवा हात कोण चालवतंय, कंपनीनं रेकॉर्ड करून ठेवलेला वादक की तुम्ही स्वतः, एवढं आधी समजून घ्या. निम्मी निवड तिथंच होते.

आम्ही सांगली-मिरजेकडचे लोक तारेच्या बाबतीत जरा खोडकर. मिरजेत सतारमेकर अजूनही कानसने जवारी काढत (घोडी घासून तारेचा झंकार जुळवत) बसलेले दिसतात, त्यामुळे इथल्या ऐकणाऱ्याला तार खोटी वाजली की खटकतं. तरीही रियाजाला घरोघरी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात आणि तो सगळ्यांना चालतो. कारण तानपुऱ्यात तारा एकेक करून, सावकाश, त्याच क्रमाने छेडल्या जातात. तोच तोपणा हाच त्याचा गुण. स्ट्रमिंगमध्ये नेमका तोच तोपणा जीव घेतो. एका स्ट्रोकमध्ये सहा तारा, दिशा दोन, जोर दरवेळी वेगळा, मध्येच तळहात टेकवून दाबलेला आवाज, त्यात डावा हात कॉर्ड बदलतोय. हे सगळं यंत्रानं एकसारखं वाजवलं की दुसऱ्या ओळीपर्यंत कान वैतागतो.

एखादा गिटारवाला जवळून बघा. त्याचा हात सतत खाली-वर चालू असतो, तारेला लागो वा न लागो. सगळ्यांच्या हातात बसलेला एक पॅटर्न घ्या: खाली, रिकामा, खाली, वर, रिकामा, वर, खाली, वर. आठ जागा, त्यातल्या दोन रिकाम्या. पण रिकाम्या जागी हात थांबत नाही, हवेतून जातो. म्हणून पाचव्या जागी स्ट्रोक नसला तरी सहाव्या जागचा स्ट्रोक वरचाच असतो. कीबोर्डवाला मिडी (कुठला स्वर कधी आणि किती जोरात, याची नोंद) लिहितो तेव्हा हे विसरतो आणि सगळे स्ट्रोक खालचे टाकतो. खालच्या स्ट्रोकला जाड तारेपासून बारीक तारेकडे आवाज पसरतो, वरच्याला उलटा, आणि वरचा स्ट्रोक बहुतेक वेळा फक्त बारीक तीन-चार तारांनाच लागतो. जाड ई आणि ए तार वरच्या स्ट्रोकमध्ये घुमली की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गिटार वाटत नाही हे तो नक्की सांगतो.

आता यातली सगळ्यात बारीक गोष्ट. कॉर्ड बदलायच्या आधीचा शेवटचा वरचा स्ट्रोक नीट ऐका. त्या क्षणी डावा हात जुना कॉर्ड सोडून पुढच्याकडे निघालेला असतो. म्हणजे तो स्ट्रोक मोकळ्या तारांवर पडतो, साधारण जी, बी आणि ई. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना मध्ये हा मोकळ्या तारांचा एक झटका येतो. संगीताच्या हिशेबात तो चुकीचा, पण खऱ्या गिटारचा वास त्याच झटक्याला असतो. कुठलंही सॉफ्टवेअर तपासताना मी हीच जागा ऐकतो. तिथं एक कॉर्ड कापून दुसरा चिकटवल्यासारखा वाटला तर पुढचं ऐकायचं कारण नाही.

आता प्रकार दोन. पहिल्यात पॅटर्न तयार असतात. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं सेशन गिटारिस्ट स्ट्रम्ड अकूस्टिक (पहिलं 2015 चं, दुसरं 2017 चं) आणि यूजॅमचं व्हर्च्युअल गिटारिस्ट अँबर ही यातली ओळखीची नावं. तुम्ही कॉर्ड धरायचा, पॅटर्न निवडायचा, हात त्यांच्या वादकाचा. कल्पना जुनी आहे. स्टाइनबर्गनं 2000 च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्हर्च्युअल गिटारिस्ट या नावानं असं काढलं होतं. यात वरची बारीक कलाकुसर आयतीच मिळते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत माणूस खूश होतो. अडचण नंतर येते: हवा तो ठेका यादीत नसला की तो तयार करता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात हात तुम्ही चालवायचा. अ‍ॅम्पल साउंडची गिटार, म्युझिकलॅबचं रिअलगिटार, अप्लाइड अकूस्टिक्स सिस्टिम्सचं स्ट्रम जीएस-2. अ‍ॅम्पलमध्ये स्ट्रोकसाठी ठरावीक की दिलेल्या असतात: खालचा, वरचा, दाबलेला वगैरे. त्या मिडीत लिहीत गेलं की ठेका आपला होतो. स्ट्रम जीएस-2 यात वेगळं आहे. त्यात रेकॉर्ड केलेले नमुने नाहीत, तारेचं वागणं गणितानं घडवलेलं आहे. म्हणून डाउनलोड लहान आणि रॅमवर भार कमी, पण उघड्या गाण्यात लाकडाचा तो उबदारपणा मला त्यात कमी वाटतो. गर्दीच्या ट्रॅकमध्ये मात्र छान मिसळतं.

तुमच्या बाबतीत निवड ठेक्यावरून व्हायला हवी. परदेशी पॅटर्नमध्ये चार-चारचा पॉप, रॉक आणि फोक खच्चून भरलेला असतो. तुमची निम्मी भावगीतं असणार दादऱ्यात, सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. घेण्याआधी पॅटर्नच्या यादीतून 6/8 आणि 3/4 चे पॅटर्न वेगळे काढून मोजा. आकडा बघून बरेचदा हसू येतं. आठ मात्रांच्या केरव्याला यादीत पर्याय भरपूर असतात, पण ते सरळ वाजतात. आपल्या ढोलकीवाल्याचे मधले बोल ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर, नसतात, किंचित मागे रेलतात. गिटार ग्रिडला खिळलेली आणि ढोलकी रेललेली असली की दोघं एकाच खोलीत बसून वाजवतायत असं वाटत नाही. पॅटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये स्विंगचं बटण असेल तर ते थोडं फिरवून जमवता येतं. स्ट्रोक स्वतः लिहिणाऱ्याला सोपं आहे: ढोलकीचा ट्रॅक समोर ठेवून वरचे स्ट्रोक त्या बोलांखाली सरकवायचे. भजनी ठेक्यावर तर गिटारनं फार हात चालवूच नये. टाळ आणि चिपळ्या ती जागा आधीच खाऊन बसलेल्या असतात.

पट्टीचा मुद्दा वेगळा, आणि पेटीवाल्यानं हा वाचावाच. गायक म्हणतो काळी एक. तुम्ही कीबोर्डवर सी शार्प मेजर दाबता. सॉफ्टवेअर बिचारं बोटानं सगळ्या तारा दाबलेला बार कॉर्ड वाजवतं, आणि आवाज बंद डब्यातून येतो. खरा गिटारवाला काळी एकला गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावतो आणि सीचे मोकळे आकार वाजवतो. काळी चारला पहिल्याच पट्टीवर कॅपो, आकार जीचे. काळी पाचला तिसऱ्या पट्टीवर कॅपो आणि जीचे आकार, किंवा पहिल्यावर कॅपो आणि एचे. काळी तीनला दुसऱ्या पट्टीवर कॅपो, आकार ईचे. मोकळ्या तारांची ती झंकार हवी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये कॅपोची सोय आहे का, हे आवाजाच्याही आधी विचारा. नसली तर एक जुगाड आहे: गिटार सीमध्येच वाजवून ऑडिओ काढा आणि रीपरमध्ये त्या तुकड्याची पिच अर्धा स्वर वर न्या. अर्ध्या स्वराला कुणाला कळत नाही. तीन अर्धे स्वर चढवले तर मात्र गिटारची बाहुली होते.

कॉर्डचा आकारही असाच. कीबोर्डवर जी मेजर म्हणजे जी, बी, डी, तीन स्वर जवळजवळ. गिटारवरचा मोकळा जी म्हणजे जाड तारेपासून जी, बी, डी, जी, बी, जी. बरी सॉफ्टवेअर तुमचा तीन स्वरांचा कॉर्ड ओळखून हा आकार स्वतः लावतात, म्हणून डाव्या हाताची पेटीची सवय तिथं चालते. पण एक सवय चालत नाही. पेटीवाले सूर जोडून वाजवतात, जुना कॉर्ड सुटायच्या आत नवा दाबतात. एमायनरवर सी मेजर असा चढला की सॉफ्टवेअरला चारही स्वर एकदम दिसतात आणि ते क्षणभर तिसराच कॉर्ड वाजवून मोकळं होतं. ‘माझं सॉफ्टवेअर बिघडलंय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे हमखास निघतं. मिडीत कॉर्डच्या नोटांची शेपटं छाटा, आणि नवा कॉर्ड ठोक्याच्या किंचित आधी सुरू करा. उशिरा आला तर पॅटर्नचा पहिला स्ट्रोक जुन्याच कॉर्डवर पडतो, आणि नेमका समेवर घोळ ऐकू येतो.

रॅमचं फार टेन्शन घेऊ नका. गिटार पक्की झाली की रीपरमध्ये ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्याचा ऑडिओ बनतो आणि रॅम मोकळी होते. लायब्ररी (आवाजाच्या नमुन्यांच्या फाइली) एसएसडीवर ठेवा. एका गोष्टीत मात्र लोक फसतात: अशा लायब्ररी वाजवणाऱ्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरचा प्लेअर फुकट आहे म्हणून कुठलीही कॉन्टॅक्ट लायब्ररी घेतात. प्लेअरसाठी परवाना घेतलेल्या लायब्ररीच त्यात पूर्ण चालतात. स्ट्रम्ड अकूस्टिक चालतं. बाकीच्या 15 मिनिटांनी बंद पडतात, त्यांना विकतचं पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं. लहान कंपन्यांच्या सुंदर लायब्ररी बरेचदा याच गटातल्या असतात, तेव्हा ‘फुल कॉन्टॅक्ट’ हे शब्द शोधूनच पैसे भरा. पैसे डॉलरमध्ये जातात, तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. घाई नसेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबा, बहुतेक कंपन्यांचे सेल तेव्हाच लागतात. क्रॅकविषयी (चोरीच्या कॉपीविषयी) विचारू नका. तसल्या फाइलीनं मंडळाच्या गाण्याच्या आदल्या रात्री लॅपटॉप बसला की कळतं.

माझं मत विचाराल तर आज एक रुपया खर्च करू नका. अ‍ॅम्पल साउंडचं गिटार एम लाइट फुकट आहे, मार्टिन डी-41 गिटारवरून केलेलं, आणि त्याला कॉन्टॅक्ट लागत नाही. पूर्ण आवृत्तीपेक्षा नमुने कमी, पण शिकायला पुरेसं. त्यात तुमच्याच एका दादऱ्यातल्या गाण्याचं एक कडवं करा. पॅटर्न न वापरता, स्ट्रोक हातानं लिहून. खाली-वरची दिशा आधी सांगितलेल्या, हात सतत चालू ठेवायच्या नियमानं, समेच्या स्ट्रोकला जोर जास्त, वरच्या स्ट्रोकला कमी, आणि शक्य झालं तर कॉर्ड बदलायच्या जागी मोकळ्या तारांचा तो झटका. हे करताना मजा आली, तर पूर्ण अ‍ॅम्पल घ्या, पुढं बरीच वर्षं पुरेल. पहिल्याच कडव्यात कंटाळलात, आणि तुमची गाणी बहुतेक केरव्यातली असतील, तर सरळ स्ट्रम्ड अकूस्टिक किंवा अँबर घ्या आणि गाण्याकडे लक्ष द्या. त्यात कमीपणा काही नाही. गिटार मागे भरावाला असेल तेव्हा मीही पॅटर्नच लावतो.

आणि ज्या गाण्यात मुखड्याआधी नुसती गिटार उघडी वाजते, तिथं कॉलेजात गिटार वाजवणारा एखादा पोरगा बोलवा. कराडात मिळतील, सांगलीत तर नक्की मिळतील. एक तासाचं मानधन आणि चहा-वडापाव, आणि सॉफ्टवेअरला न जमणारं एक कडवं हातात येतं.

मिक्सचं एवढंच: गिटार रुंद वाटावी म्हणून एकच ट्रॅक कॉपी करून थोडा उशिरा दुसऱ्या बाजूला टाकू नका. हेडफोनवर छान वाटतं, पण मंडळाचे स्पीकर बरेचदा मोनो असतात, तिथं दोन्ही एकत्र होऊन आवाज पोकळ होतो. सॉफ्टवेअरमधलं डबलिंग वापरा, किंवा तोच भाग दुसऱ्या आकारांनी पुन्हा लिहा, समजा एक कॅपोशिवाय आणि एक कॅपो लावून. 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ती जागा ढोलकीच्या धुमेची (जाड आवाजाच्या बाजूची) आहे. तारेवर बोट घसरल्याचा आवाज डायलवर थोडा कमी ठेवा. कंपन्या खरेपणा दाखवायला तो नको इतका वाढवून देतात.

कडवं झालं की रीपरची प्रोजेक्ट फाइल मिडीसकट पाठवा, कॉर्डचे टायमिंग बघून सांगतो. पाठवण्याआधी गिटारचा ट्रॅक अनफ्रीझ करा, नाहीतर मला आतल्या नोटा दिसणार नाहीत. आणि गायकाची पट्टी सोबत लिहा.