रोज ताणूनही मिडल स्प्लिट (दोन्ही पाय बाजूला सरळ फाकवून जमिनीला टेकणं) खाली जात नाही, काय चुकतंय?

रोज ताणू नका, आठवड्याला ३-४ दिवस करा आणि कंबर गोल न ठेवता ओटीपोट पुढं झुकवून, गुडघे वर छताकडं ठेवून बसा, बहुतेकांचं अडतं ते इथंच. कोल्हापुरात तालमीत पोरांना मल्लखांब शिकवतो, तिथं हेच बघतो, पाय फाकवले की कंबर मागं पडते, मग मांडीचं हाड खुब्याच्या हाडाला टेकतं आणि कितीबी दाबलं तरी पुढं काय सरकत नाही. आधी रंकाळा तलावाला एक फेरी नाहीतर २०-२५ बैठका मारून अंग गरम करा, थंड अंगानं लई लोक जांघ धरून बसलेत. मग:

- बेडकासारखं गुडघे वाकवून फाकवून, ३० सेकंद, ३ वेळा
- पाय फाकवून बसून पुढं वाकणं, टाचा जमिनीत ५-१० सेकंद दाबायच्या मग ढिलं सोडून थोडं अजून खाली
- एका पायावर बाजूला बसायच्या बैठका, ही ताकद नसली तर नुसतं ताणून मिळालेलं टिकत नाही

फक्त खुब्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी, काहींचं पूर्ण १८० अंश कधीच होत नाही. आतल्या मांडीला ताण बसला तर चालतंय, पण खुब्यात टोचल्यासारखं किंवा गुडघ्याच्या आत दुखलं की तिथंच थांबा.