‘गांधी’ चित्रपटात चार्ली अँड्र्यूजचं काम करणारा गोरा नट नंतर कुठे दिसला नाही. त्याचं पुढे काय झालं?

त्याचं नाव इयन चार्ल्सन. दिसला नाही, कारण ६ जानेवारी १९९० रोजी, अवघा चाळीस वर्षांचा असताना तो गेला.

आगगाडीच्या टपावर चढणारा आणि चंपारणच्या तुरुंगात गांधीजींचा निरोप घेणारा तो पाद्री माझ्याही मनातून जात नव्हता, म्हणून मी त्याच्याबद्दल वाचत गेलो. मूळचा स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला गेला आणि नाटकात रमला. ‘गांधी’च्या आदल्याच वर्षी ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्ये त्याने एरिक लिडेल केला, रविवार देवाचा म्हणून ऑलिंपिकची शर्यत सोडणारा धावपटू. त्यात लिडेल पावसात उभा राहून लोकांशी बोलतो, ते भाषण चार्ल्सनने स्वतः लिहिलं होतं. दोन्ही चित्रपटांना लागोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

पण तो मुळात रंगभूमीचा माणूस. १९८९ च्या सप्टेंबरात लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये हॅम्लेट करणारा डॅनियल डे-लुईस चालू प्रयोगातून निघून गेला, पुन्हा त्या भूमिकेत आलाच नाही. दिग्दर्शक रिचर्ड आयरने ती भूमिका चार्ल्सनला दिली. त्याला एड्स झाला होता, चेहरा आणि डोळे सुजलेले असत. तशा अंगाने तो एवढी लांबलचक भूमिका करत राहिला. मृत्यूबद्दल बोलणारा हॅम्लेट आणि मृत्यू समोर दिसणारा नट! मला तरी याहून मोठं धैर्य रंगमंचावर घडलेलं माहीत नाही. शेवटचा प्रयोग १३ नोव्हेंबरला झाला. त्याच हंगामात इयान मॅकेलनला सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, ते त्याने चार्ल्सनला देऊन टाकलं.

मृत्यूचं कारण लपवू नका, असं त्याने सांगून ठेवलं होतं. एड्स हा शब्द उच्चारायलाही लोक कचरत होते, त्या काळात. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या एचआयव्ही रुग्णांच्या केंद्राला पुढे त्याचं नाव दिलं गेलं. त्याच्याच नावाने तिशीच्या आतल्या नटनट्यांना अभिजात नाटकांतल्या कामासाठी पुरस्कार मिळतो. टोबी स्टीफन्स आणि रेबेका हॉल यांना तो मिळाला आहे.

‘गांधी’ पुन्हा लावाल तेव्हा तुरुंगातला तो निरोप बघा. गांधीजी त्याला जा म्हणतात, तेव्हा त्याचं दुःख आधी डोळ्यांत दिसतं.